शिडाचा पडदा

पडदा धुवायचा नसतो, झटकायचा असतो.
बाबांनी शिलाईचं मशीन माझ्या हाती दिलं
तेव्हा एवढंच सांगितलं,
आणि अठरा नंबरची सुई दिली.

मूळचं हे कापड म्हणजे विश्राम तांडेलाच्या पडावाचं शीड.
पडाव खाडीच्या मुखाशी फुटला. माणसं पोहून आली,
शीड तिसऱ्या दिवशी आलं, एकटं.
पुन्हा डोलकाठीला बांधायला कोणी धजेना.
तेव्हा श्री रवळनाथ प्रासादिक नाट्य मंडळाची
(स्थापना शके १८४९, भांडवल सव्वीस रुपये, एक पेटी, एक तलवार)
पहिली सभा भरली, आणि ठरलं :
याला आता नाटकात घालू या.

राजवाडा रंगवला पाट्या रंगवणाऱ्या धुरीने.
तळ्यात राजहंस हवे होते.
हंस त्याने कधी पाहिला नव्हता. त्याने बगळे काढले,
खाजणात उभे असतात तसे, एका पायावर.
तेव्हापासून आमच्या सगळ्या राजांनी
बगळ्यांच्या देखत प्रेम केलं आहे.

मतलई सुटली की पडदा फुगतो,
दोऱ्या करकरतात,
आणि पुढच्या रांगेतले म्हातारे खलाशी
नकळत बाकाची कड धरतात.

जनू कुबल पोस्टमन. एकोणीस वर्षं राणी.
दिवसा खाकी, जत्रेच्या दुसऱ्या रात्री नऊवारी.
विहिरीवर बायका पदर नीट करून पुसायच्या,
"राणीसायबानु, मुंबैसून मनिऑर्डर इली काय?"
नसली तर तो असं काही "नाय गे" म्हणायचा
की न आलेल्या पैशांचंही बरं वाटावं.

मग एकाहत्तर साली शालन मिठबावकर,
बालवाडीची बाई, तालमीला आली.
सभेत आरडाओरडा, दोघांचे राजीनामे
(एक परत घ्यायला लावला, तलवार त्याच्याच घरी असायची).
जनूकाका काही बोलला नाही.
त्याने तिला शिकवलं :
रडताना खांदे हलवायचे नाहीत, फक्त बांगड्या.
सिंहासनावर बसताना मागे न बघता निऱ्या कशा सावरायच्या.
बांगड्या स्वतःच्याच दिल्या. तिला सैल झाल्या,
बाबांनी आतून दोरा गुंडाळला.
त्यानंतर तो रंगमंचावर आला नाही.
विंगेत उभा राहायचा, पाण्याचा तांब्या घेऊन,
ओठ हलवत.

टीव्ही आला, व्हिडिओ आला. एका वर्षी प्रेक्षक अकरा,
त्यात चौघे बत्तीवाल्याच्या घरचे.
जमाखर्चाच्या वहीत नोंद आहे :
"प्रयोग उत्तम. चहा उरला."

वादळाच्या वर्षी जनूकाकाचं छप्पर गेलं.
तो अंथरुणाला खिळलेला, नव्वदी पार.
तालुक्यात ताडपत्री मिळेना.
आम्ही पडदा काढला, वाशांवर घातला,
रंग वाचावा म्हणून रंगाची बाजू आत.
एवढाच विचार केला होता, खरं सांगतो.

रात्री कंदील लावला. त्याने वर बघितलं.
राजवाडा, तळं, बगळे,
वाऱ्याने हळूहळू वर, हळूहळू खाली.
बराच वेळ काही नाही. मग बारीक, त्या जुन्या आवाजात,
"तिसरी घंटा झाली काय रे?"

उशाशी शालनबाई होत्या, सत्तरीच्या, गुडघा चोळत.
त्यांनी तांब्या खाली ठेवला.
"नाय अजून," म्हणाल्या, "तुमी सावकाश तयार व्हा."

पडदा आता माझ्याकडे आहे.
एका बगळ्याच्या पोटातून वाशाचा खिळा गेलाय.
ठिगळ लावीन, रंग देणार नाही,
धुरीसारखा बगळा मला जमायचा नाही.
तालमीला सतरा जण येतात, त्यातले तिघे वेळेवर.
दोऱ्या नवीन लागतील. मंडळाकडे शिल्लक चारशे रुपये.
कुणाच्या होडीवर जुना पण धड दोर असेल
तर जत्रेच्या आधी दुकानात आणून द्यावा.